ऑक्टोपसचं डोकं षट्कोनी होतं, कापूस बाहेर डोकावतो, पाय नुसते लोंबतात : काय चुकतंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तोरणं, ताटावरचे रुमाल, टेबलक्लॉथ हे क्रोशाकाम ताईंच्या हातात बसलेलं आहे. भाचीच्या दहा महिन्यांच्या मुलासाठी त्यांनी पहिल्यांदाच छोटा ऑक्टोपस विणायला घेतला, व्हिडिओ बघून. डोकं गोल न होता त्याला सहा कोपरे आले, टाक्यांच्या फटींतून आतला कापूस दिसतो, आणि पाय कुरळे व्हायच्या ऐवजी सरळ लोंबतात. डोळे नक्की कुठे लावायचे, खेळणं धुता येईल का आणि पुढेमागे विकायला करता येतील का, हेही त्यांनी विचारलंय.

ताई, तुमचा हात चांगला बसलाय, खरी अडचण तिथेच आहे. तोरणाच्या कामात आपण जाळी विणतो. सुई मोकळी चालते, खांब उंच घालतो, मधे साखळ्या सोडतो, आणि काम सैल पडलं तर ते जास्तच छान लोंबतं. खेळण्यात याच्या बरोब्बर उलट हवं. इथे आपण कापड विणतोय, आणि तेही आत भरलेल्या पिंजाचा, म्हणजे कापसासारख्या भरणाचा, दाब सोसणारं. फट हा तोरणाचा जीव असतो आणि खेळण्याचा दोष. म्हणून पहिला बदल सुईत करा. दोऱ्याच्या गुंड्यावर जो सुईचा नंबर छापलेला असतो तो शाल-स्वेटरसाठी असतो. खेळण्याला त्याहून एक-दीड मिलिमीटर बारीक सुई घ्यायची. आठ प्लायच्या सुती दोऱ्यावर बहुधा ४ मिमी लिहिलेलं असतं, त्याला मी २.५ मिमीची सुई वापरते. सुरुवातीला बोटं दुखतात, टाक्यात सुई घुसवायला जोर लागतो. विणलेला तुकडा उजेडासमोर धरून बोटांनी ताणून बघा. भोकं उघडली तर अजून पाव-अर्धा मिलिमीटर खाली या.

दोऱ्याबद्दल. दहा महिन्यांचं मूल म्हणजे प्रत्येक गोष्ट तोंडात, तेव्हा साधा सुती दोराच घ्या, अ‍ॅक्रिलिक लोकर नको. लोकरीचे तंतू सुटून ओल्या तोंडाला चिकटतात, शिवाय तिच्यावर गोळे येतात. मिल्क कॉटन म्हणून जे मिळतं ते दिसायला मऊ आणि सुरेख असतं, पण त्यात बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक मिसळलेलं असतं, म्हणून लेबल वाचून घ्या. लाल, गडद निळा, जांभळा असे रंग असतील तर आधी वीतभर दोरा भिजवून पांढऱ्या रुमालावर चोळा. रंग लागला तर तो दोरा तोरणाला ठेवा. वेलवेटचा फुगीर दोरा आजकाल सगळीकडे दिसतो, पण पहिल्या खेळण्याला तो घेऊ नका. त्यात टाके डोळ्यांना दिसतच नाहीत, नुसते बोटांना चाचपून मोजावे लागतात.

आता सहा कोपरे. हे समजलं की मग कुठलंही खेळणं स्वतःच्या मनाने करता येतं, म्हणून इथे जरा थांबते.

खेळण्यात सगळीकडे एकच टाका असतो, सिंगल क्रोशे, ज्याला आपल्यातल्या काहीजणी मुका खांब म्हणतात. (ब्रिटिश नमुन्यांत ह्याच टाक्याला डबल क्रोशे म्हणतात. नमुना कुठला आहे ते आधी बघून घ्या, नाहीतर ऑक्टोपस दुप्पट उंच होईल.) हा टाका जेवढा रुंद, साधारण तेवढाच उंच. गोल चकती विणताना प्रत्येक फेरीला त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते, आणि त्रिज्या एकाने वाढली की परीघ २π (गणितातला पाय, ३.१४), म्हणजे साधारण सव्वासहा टाक्यांनी वाढायला हवा. म्हणून फेरीगणिक सहा टाके वाढवायचे. (वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन टाके घालणं.) रुमालात खांबाच्या फेरीला आपण बारा वाढवतो, कारण खांब साधारण दुप्पट उंच. हिशोब तोच.

हे सहा वाढीव टाके प्रत्येक फेरीत एकमेकांच्या डोक्यावर आले की तिथे कोपरा तयार होतो. सहा वाढी, सहा कोपरे. नमुन्यात 'दोन साधे, एक वाढ, असं सहा वेळा' लिहिलेलं असतं आणि आपण इमानेइतबारे तसंच करत जातो. उपाय म्हणजे एक फेरी सोडून एक फेरी वाढ सरकवायची. फेरी अर्ध्या गटाने सुरू करायची आणि उरलेला अर्धा गट फेरीच्या शेवटी घालायचा. टाक्यांची एकूण संख्या तेवढीच राहते, कोपरे मात्र विरतात.

पूर्ण गोळ्याचा हिशोबही सोपा आहे. जितक्या फेऱ्यांत वाढवलं तितक्याच फेऱ्या सरळ, आणि तितक्याच फेऱ्यांत घटवायचं. सहा फेऱ्यांत ३६ टाके झाले, तर सहा सरळ, सहा घटवायच्या, एकूण अठरा. परीघ ३६, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर परिघाच्या निम्मं, म्हणून १८. ऑक्टोपसचं डोकं पूर्ण गोळा नसतं, वर फुगीर आणि खाली मान आवळलेली असते, म्हणून त्यात थोडा फेरफार करते. माझा नेहमीचा नमुना असा:

फेरी १ : मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट करता येणाऱ्या दोऱ्याच्या फासात) ६ टाके.
फेरी २ : प्रत्येक टाक्यात दोन. (१२)
फेरी ३ : एक साधा, एक वाढ, असं सहा वेळा. (१८)
फेरी ४ : एक साधा, एक वाढ, मग दोन साधे, एक वाढ असं पाच वेळा, शेवटी एक साधा. (२४)
फेरी ५ : तीन साधे, एक वाढ, सहा वेळा. (३०)
फेरी ६ : दोन साधे, एक वाढ, मग चार साधे, एक वाढ असं पाच वेळा, शेवटी दोन साधे. (३६)
फेरी ७ ते १३ : सरळ. (३६)
फेरी १४ : चार साधे, एक घट (दोन टाक्यांचा एक करणं), सहा वेळा. (३०)
फेरी १५ : सरळ. (३०)
फेरी १६ : तीन साधे, एक घट, सहा वेळा. (२४)
फेरी १७ : सरळ. (२४)

२४ वर थांबायचं कारण उघड आहे. पाय आठ, प्रत्येकाला तीन टाके. ज्या नमुन्यात मानेला ३० टाके असतात, त्यात पाय मागेपुढे होतात आणि ऑक्टोपस एका बाजूला झुकतो.

सुरुवात मॅजिक रिंगनेच करा. रुमालासारख्या चार-पाच साखळ्या जोडून गोल केला तर डोक्यावर मधोमध भोक राहतं आणि तिथूनच पिंज बाहेर येतो. सुती दोरा निसरडा असतो, म्हणून रिंग ओढून घट्ट केल्यावर तिची शेपटी लगेच कापू नका. दोन-तीन फेऱ्या झाल्या की ती मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवून रिंगेभोवती आणखी एकदा फिरवा.

फेऱ्या जोडायच्या नाहीत. रुमालात आपण फेरी संपली की सरक टाका घालून पुढची सुरू करतो. खेळण्यात तसं केलं तर पाठीवर वरपासून खालपर्यंत शिवणीसारखी तिरकी रेघ दिसते. इथे गोगलगाईच्या शंखासारखं नुसतं गोल गोल विणत जायचं. त्यामुळे फेरी कुठे सुरू झाली ते कळत नाही, म्हणून पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा किंवा सेफ्टी पिन अडकवा आणि दर फेरीला ती वर सरकवा. टीव्ही बघत विणायची सवय असेल तर निदान वाढीच्या आणि घटीच्या फेऱ्यांना तो बंद ठेवा. मधल्या सरळ फेऱ्यांना, सात ते तेरा, खुशाल लावा.

सुलट-उलट बाजूही इथे महत्त्वाची. व्ही आकाराचे टाके दिसतात ती सुलट, आडव्या रेघा दिसतात ती उलट. पाच-सहा फेऱ्यांनंतर वाटी आपोआप उलटी वळते आणि नवशिक्या तसंच विणत राहतात. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात 'आडव्या आडव्या रेघा दिसतात' असं आहे, म्हणजे तुमचा ऑक्टोपस आतून बाहेर झालाय. वाटी उलटवून घ्या आणि सुई नेहमी बाहेरून आत घाला.

कापूस दिसण्याचं दुसरं कारण घटवण्यात आहे. दोन टाके एकत्र करताना आपण दोन्ही टाक्यांचे पुरे धागे उचलतो, तिथे गाठ फुगते आणि तिच्या शेजारी फट पडते. त्याऐवजी दोन्ही टाक्यांचे फक्त समोरचे धागे एकापाठोपाठ सुईवर घ्या, दोरा दोन्हींतून एकदम ओढा, मग नेहमीसारखा टाका पुरा करा. घट कुठे केली ते शोधूनही सापडणार नाही. आणखी घट्ट विण हवी असेल तर टाक्याचा पहिला दोरा ओढताना तो सुईवरून न घेता सुईच्या आकड्याने वरून दाबून ओढा. मग व्हीच्या जागी फुलीसारखे टाके दिसतात, आणि कापड दाट होतं. मात्र एक काहीतरी ठरवा आणि पूर्ण खेळणं तसंच करा. निम्म्यात पद्धत बदलली की डोक्याचा घेर बदलतो.

आता पाय. सतराव्या फेरीच्या टाक्यांना दोन धागे असतात, समोरचा आणि मागचा. पाय समोरच्या धाग्यात करायचे, मागचे धागे तळ बंद करायला राखून ठेवायचे. समोरच्या धाग्यात एक साधा टाका घाला आणि २६ साखळ्या विणा. दुसऱ्या साखळीपासून परत फिरा. पहिल्या १५ साखळ्यांत प्रत्येकी दोन टाके, पुढच्या १० मध्ये एकेक. जिथून निघालात त्याच टाक्यात सरक टाका घालून पाय अडकवा, मग पुढच्या दोन टाक्यांच्या समोरच्या धाग्यांत साधे टाके. झाला एक पाय. असे आठ.

तुमचे पाय लोंबतात कारण तुम्ही प्रत्येक साखळीत एकच टाका घातलाय. साखळीची लांबी ठरलेली असते. तिच्या एका कडेला दुप्पट टाके कोंबले की ती कड लांब होते, तिला सरळ राहायला जागाच उरत नाही, आणि पाय वळतो. तीन घातले तर घट्ट स्प्रिंग होते. मी टोकाला दोन आणि अंगाजवळ एक घालते, कारण खरा ऑक्टोपसही बऱ्याचदा पायाची टोकंच वळवून बसतो. सगळा पाय कुरळा केला की तो केसांच्या बटांसारखा दिसतो. विणून झाल्यावर प्रत्येक पाय बोटाभोवती एकाच दिशेने गुंडाळून सोडा, मगच वळण बसतं. साखळी मात्र सैल नको, नाहीतर टाके वाढवूनही ती नुसती ताणली जाते.

जाता जाता सांगते, ह्याच युक्तीवर गणिताचं एक मोठं काम उभं आहे. डाइना ताइमिन्या नावाच्या लाटव्हियन गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवताना हायपरबोलिक पृष्ठभाग (कडेकडे झालरीसारखा लहरत जाणारा) विद्यार्थ्यांच्या हातात द्यायला म्हणून क्रोशाने विणला. ठरावीक टाक्यांनंतर एक वाढ, आणि ती प्रत्येक फेरीत न चुकता. कडा इतकी वाढते की चकती सपाट राहूच शकत नाही, तिला झालर येते. समुद्रातली काही प्रवाळं आणि काही समुद्री गोगलगाई ह्याच आकाराच्या असतात. मग २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी लॉस एंजेलिसमध्ये क्रोशाचं अख्खं प्रवाळबेट विणायला घेतलं आणि पुढे जगभरच्या बायकांनी त्यात भर घातली. उरलेल्या रंगीत दोऱ्याचं काय करायचं हा प्रश्न पडला तर दर टाक्यात दोन टाके घालत चार-पाच फेऱ्या विणून बघा. ऑक्टोपसच्या शेजारी ठेवायला छान प्रवाळ होतं.

भरायला काय? शेवरीचा किंवा साधा कापूस नको. पहिल्याच धुण्यात त्याचे गठ्ठे होतात आणि तो आठवडाभर वाळत नाही. उशा भरायला जो पॉलिस्टरचा पिंज मिळतो, दुकानात ज्याला रेक्रॉन म्हणतात, तो आणा. चिमटी चिमटी भरू नका, त्याने बाहेरून गाठी जाणवतात. मुठीएवढा तुकडा पिंजून मोकळा करा, आधी भिंतींना लावा, मग मध्य भरा. डोकं दाबल्यावर लगेच परत फुगायला हवं, पण टाके ताणून पिंज चमकायला लागला म्हणजे जास्त झालं. बूड जड व्हावं म्हणून काहीजण आत तांदूळ, राजमा किंवा मणी घालतात. लहान मुलाच्या खेळण्यात ते अजिबात नको. धान्य भिजलं की कुजतं, कीड लागते, आणि विण उसवली तर दाणा थेट तोंडात.

पिंज बराचसा भरून झाला की सतराव्या फेरीच्या मागच्या धाग्यांत तळ विणायचा. एक साधा, एक घट, असं आठ वेळा, म्हणजे १६ टाके. उरलेला पिंज भरा. मग आठ घटी, म्हणजे ८ टाके. दोरा वीतभर ठेवून कापा, तो आठही टाक्यांच्या समोरच्या धाग्यांतून ओवून ओढा आणि भोक बंद करा. शेपटी आतल्या आत तीन वेगवेगळ्या दिशांनी फिरवून मग कापा. नुसती गाठ मारून शेपटी कापली तर सुती दोऱ्याची गाठ चावून चावून सुटते.

डोळ्यांबाबत मी कडक आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला प्लास्टिकचा डोळा, बटण, मणी, काहीही लावायचं नाही. बाजारात 'सेफ्टी आय' म्हणून मिळतात, त्यांना मागून चकती असते हे खरं, पण विण सैल झाली की चकतीसकट डोळा बाहेर ओढला जातो. काळ्या सुती दोऱ्याने भरा, आणि पिंज भरण्याआधी भरा, म्हणजे मागचे दोरे आत नीट अडकवता येतात.

जागा ठरवायला खरा ऑक्टोपस आठवा. ज्याला आपण डोकं समजतो ती फुगीर पिशवी म्हणजे त्याचं धड असतं, तिन्ही हृदयं तिथेच. डोळे खाली, पाय फुटतात त्याच्या जरा वर. म्हणून डोळे चौदाव्या-पंधराव्या फेरीच्या आसपास, मधे सात-आठ टाके सोडून भरा. कपाळावर भरले तर तो माणसासारखा दिसतो आणि गोडवा जातो. ऑक्टोपसची बाहुली उभी नसून आडवी पट्टी असते, त्यामुळे दोन-तीन आडवे टाके पुरतात. आधी टाचण्या टोचून लांबून बघा आणि मगच सुई घाला. फेरीची सुरुवात जिथे असते ती बाजू थोडी तिरकी सरकत गेलेली असते, ती मागे ठेवा. तोंड भरायचंच असेल तर लहानशी रेघ. मी भरत नाही.

तुमच्या प्रश्नात नाही, पण हमखास निघणारी एक गोष्ट. अपुऱ्या दिवसांच्या बाळाजवळ क्रोशाचा ऑक्टोपस ठेवायची पद्धत डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झाली. पायांचे वेटोळे नाळेसारखे लागतात आणि बाळ नळ्या ओढायच्या ऐवजी ते धरतं, अशी त्यामागची कल्पना. तिथे शंभर टक्के सुती दोरा, साठ अंश सेल्सिअसला धुता येणं आणि ताणल्यावर पाय २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नसणं असे नियम आहेत. आपल्याकडे एखाद्या रुग्णालयाने स्वतःहून मागितल्याशिवाय असं खेळणं नेऊन देऊ नका. तिथला जंतुसंसर्गाचा प्रश्न त्यांचा त्यांनाच ठाऊक असतो. पायांच्या लांबीचा नियम मात्र घरीही पाळा. वरच्या मापाने पाय ताणून साधारण दहा सेंटिमीटर होतो, तो ठीक आहे. आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत झोपताना पाळण्यात कुठलंही मऊ खेळणं ठेवायचं नाही, आत्याने-मावशीने केलेलं असलं तरी.

देण्याआधी प्रत्येक पाय धरून जोरात ओढा. आपलीच कलाकृती म्हणून हात आखडता घेऊ नका, मूल घेणार नाही.

धुण्याचं सोपं आहे. कोमट पाण्यात सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, मग सावलीत पण वारा लागेल असं जाळीवर ठेवायचं. पाय धरून दोरीवर टांगला तर ओल्या पिंजाच्या वजनाने तो लांबतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बाहेरून कोरडा लागला तरी आत ओल राहते आणि वास धरतो, तेव्हा त्या दिवसांत एक रात्र पंख्याखाली ठेवाच.

विकण्याबद्दल. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणचिन्ह सक्तीचं आहे. हस्तकलेच्या विकास आयुक्त कार्यालयात नोंदणी झालेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. तेव्हा मैत्रिणीला एखादं करून देणं वेगळं आणि दुकान मांडणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर आधी त्या नोंदणीचं कारागीर ओळखपत्र काढायच्या मागे लागा. किंमत ठरवताना दोऱ्याचे पैसे धरणं सगळ्यांना जमतं, वेळेचे कोणी धरत नाही. एक ऑक्टोपस पुरा करायला लागलेले तास घड्याळ लावून मोजा आणि मगच आकडा सांगा. 'एवढंसं तर आहे' म्हणणारं गिऱ्हाईक आलं तर त्याला लहान मासा दाखवा, त्याला पाय नसतात.